एक मूठ चुरा

ताडपिंपरीत कुणाच्या चुलीत काय जळतंय, हे सगुणाबाई आपल्या ओट्यावर बसून सांगायची. पऱ्हाटीचा धूर वेगळा, तुराटीचा वेगळा, गवरीचा तर आंधळ्यालाही कळतो. पण बाभळीचं लाकूड ओलं आहे की वाळलेलं, एवढंही ती नाक वर करून सांगे. "कस्तुराबाईच्या तुराट्या संपल्या वाटतं, आज गवऱ्या लागल्या," म्हणायची, आणि घटकाभरानं कस्तुराबाई भारा मागायला दारात हजर. बायका तिला जरा टरकूनच असत. धुरामागून फोडणी येते, आणि श्रावणात कुणाच्या तव्यावर सुकट पडली हेही त्या नाकातून सुटत नसे.

नवरा आप्पाराव म्हणायचा, "हिला पोलिसात भरती कराय पायजे होती. कुत्र्याचा खर्च वाचला असता."

"मी पोलिसात गेले असते तर पयलं तुमालाच धरलं असतं," सगुणाबाई म्हणायची. आप्पाराव बिडी चपलेखाली विझवायचा.

वालूरची ही पोरगी लग्न होऊन इथं आली ती सोळाव्या वर्षी. चौथी शिकलेली, अक्षर ठसठशीत. कापूस वेचला, तूर सोंगली, दोन पोरी उजवल्या आणि गेली चौदा वर्षं ती गावच्या शाळेत एकशे बारा लेकरांची खिचडी शिजवते. कागदावर ती 'मदतनीस'. मदत कुणाला करते हे कागदात नाही, कारण स्वयंपाकाला दुसरं कुणीच नाही. शाळेला गॅस आहे. म्हणजे शेगडी आहे, टाकी आहे, भिंतीवर गॅस कसा वापरावा याचं चित्रही आहे. टाकीत गॅस महिन्यातले बारा दिवस असतो. उरलेल्या दिवसांसाठी शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन दगडांची चूल.

एवढ्या मोठ्या पातेल्यातली खिचडी तळाला धरायच्या आधी एक खास वास सोडते. तो वास आला की सगुणाबाई जाळ ओढून घ्यायची. चौदा वर्षांत एकदाही खिचडी करपली नव्हती, आणि या गोष्टीचा तिला एखाद्या तमासगिराला आपल्या आवाजाचा असावा तेवढा गर्व होता.

मग तीन वर्षांपूर्वी गावाच्या उगवतीला टायरचा कारखाना आला.

कारखाना म्हणजे काय, तर एक लांबट पोलादी भट्टी, एक चिमणी आणि जुन्या टायरांचा डोंगर. टायर भट्टीत घालायचे, खालून पेटवायचं, की तेल निघतं आणि मागं काळी भुकटी राहते. वरून काय निघतं ते गावाला न विचारता मिळायला लागलं. पहिल्याच उन्हाळ्यात बाजेवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कुरडया संध्याकाळी करड्या झाल्या. दुसऱ्या वर्षी निम्मं गाव खोकायला लागलं. थंडीत वारा उगवतीकडून वाहतो आणि धूर वर जायचं नाव घेत नाही; गावावर गोधडीसारखा पसरून बसतो. सगुणाबाईला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. मानवतच्या डॉक्टरनं विचारलं, "बिडी ओढता?"

"मी न्हाई. हे वडतेत," तिनं आप्पारावकडं बोट केलं.

"चुलीवर स्वयंपाक?"

"चाळीस वरसं."

"मग चूलच," म्हणत डॉक्टरनं ओढायचं औषध लिहून दिलं. चाळीस वर्षं चुलीनं काही केलं नाही आणि कारखाना आल्यावर बरी तिला दुर्बुद्धी सुचली, हे तिच्या तोंडावर आलं होतं. पण बाहेर वीस पेशंट बसले होते.

आणि मग नाक गेलं. एकदम नाही गेलं. आधी तुराटी आणि पऱ्हाटीतला फरक गेला, मग गवरी गेली, मग लसणाची फोडणी. मागच्या जानेवारीत एका मंगळवारी खिचडी तळापासून चार बोटं करपली. लेकरांनी ताटं तशीच ठेवली. हेडमास्तर योगीराज सर शेडच्या दारात आले आणि म्हणाले, "सगुणाबाई, पुन्हा असं झालं तर मला वर कळवावं लागेल. नवीन बाई बघावी लागेल मग."

त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. ती भट्टी बंद व्हावी. नाक परत येईल की नाही ते देवाला ठाऊक, पण छातीत उरलंय तेवढं तरी राहावं आणि खिचडी हातची जाऊ नये.

आता कारखान्याचा मॅनेजर ओमप्रकाश याच्याविषयी सांगायला पाहिजे, कारण इतका गोड माणूस तालुक्यात सापडायचा नाही. गुळाची ढेप विकायला ठेवली तरी त्याच्या जिभेपुढं पडून राहावी. गावानं पहिली तक्रार केली तेव्हा तो हात जोडून आला, प्रत्येक म्हातारीच्या पाया पडला आणि म्हणाला, "तुमचा त्रास तो माझा त्रास. आमच्याकडून गावाची काहीतरी सेवा झाली पाहिजे." पुढच्या सोमवारपासून सेवा सुरू झाली. ट्रॅक्टर गल्लीगल्लीत थांबायचा, हॉर्न वाजवायचा आणि दर घराला एक पोतं टाकायचा. पोत्यात टायरच्या रबराचा चुरा, बोराएवढे तुकडे. फुकट.

परतीच्या पावसानं पऱ्हाट्या भिजलेल्या असतात. त्या पेटवायच्या म्हणजे अर्धा तास फुंकणी घेऊन डोळ्यांतून पाणी काढायचं. आणि इथं एक मूठ चुरा टाकला, काडी लावली, की भडका! बायका ओमप्रकाशला आशीर्वाद द्यायला लागल्या. शाळेला दोन पोती मिळायची. सगुणाबाई कारखान्याला सकाळ-संध्याकाळ शिव्या द्यायची आणि त्याच कारखान्याच्या चुऱ्यानं चूल पेटवायची. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. गावात कुणालाच नाही. धूर चिमणीतून येतो तो कारखान्याचा. चुलीतून येतो तो आपला, घरचा. घरच्या धुराला कोण नावं ठेवतं?

तक्रारी वर गेल्या, चार टेबलांवर झोपून उठल्या आणि शेवटी दिवाळीनंतर एक जीप आली. जीपमधून एक मशीन उतरलं आणि प्रियंका मॅडम उतरल्या. कुठल्याशा प्रयोगशाळेत हवेचा अभ्यास करणारी पंचविशीतली पोरगी, पायात बूट, केस वर बांधलेले. मशीन शाळेच्या छतावर बसलं, कारण गावात चोवीस तास वीज आणि कुलूप या दोन्ही गोष्टी शाळा आणि दूध डेअरी सोडून कुठंच नव्हत्या, आणि डेअरीवर पत्रे होते. लोकांनी मशीनला हार घातला, नारळ फोडला, उदबत्ती लावली. मॅडमनं धावत येऊन उदबत्ती विझवली. "तिचाच धूर जाईल ना आत!"

मशीन रोज हवा ओढणार आणि आतली पांढरी चकती ते बारीक कण धरून ठेवणार. चकती रोज सकाळी बदलायची. योगीराज सरांना गुडघ्यांमुळं शिडी चढवेना, शिपाई महिन्यातून पगारालाच दिसायचा. म्हणून काम आलं सगुणाबाईकडं. धाप लागायची तरी ती म्हणाली, "मी चढते. थांबत थांबत चढते."

प्रियंकानं तिला शिकवलं. चिमट्यानंच धरायचं, बोट लावायचं नाही, वर श्वास सोडायचा नाही, चांदीच्या कागदात गुंडाळायचं आणि दूध डेअरीच्या फ्रीजरात ठेवायचं.

"म्हंजी सोवळंच की," सगुणाबाई म्हणाली. "आन् ह्या कागदावरून कळतं कुनाचा धूर ते?"

"कळतं मावशी. केसाच्या जाडीचे तीस भाग केले तर त्यातल्या एकाएवढा कण. पण त्याच्यावर जळलेल्या वस्तूची खूण चिकटलेली असते. लाकूड जळलं तर एक प्रकारची साखर तयार होते, ती दुसऱ्या कशातून येत नाही. डिझेलची खूण वेगळी, प्लास्टिकची वेगळी, रबराची वेगळी. प्रयोगशाळेत आम्ही त्या एकेक सुट्या करतो."

"धुरात साखर?" खालून आप्पाराव ओरडला. "मंग मला शुगर बिडीनंच झाली म्हना की! डॉक्टर खामखा माझा चहा तोडायला."

सगुणाबाई हसली नाही. ती त्या चकतीकडं बघत राहिली. बोटभर पांढरा कागद आणि तो तेच काम करणार होता जे तिचं नाक करायचं. "मंग रबराची खून निघंल," ती म्हणाली. "निघंलच."

"असेल तर निघेल. आणि मावशी, ही वही. रोज आसपास काय काय जळलं ते लिहायचं. सगळं. आम्हाला ताडून बघायला लागतं."

महिनाभर सगुणाबाईनं ते काम देवपूजेसारखं केलं. तिसऱ्या पायरीला थांबायची, सातव्याला थांबायची, वर पोचून खोकला पूर्ण संपवायची आणि मगच मशीनचं झाकण उघडायची. पांढरी ठेवलेली चकती दुसऱ्या दिवशी करडी निघे. काही दिवशी तव्याच्या बुडासारखी काळी. काळी निघाली की ती खुशीत खाली यायची.

"आज लय घावलाय," ती आप्पारावला सांगायची.

"कोन?"

"वमप्रकाश. कागदावर बसलाय सगळा."

"बग बाई, लग्नात माझा फोटो बी तू इतकं हरकून बघितला नव्हता."

खाली येऊन ती वही घ्यायची आणि ठसठशीत अक्षरात लिहायची: 'आज चूल. पऱ्हाट्या दीड भारा. रबराचा चुरा एक मूठ. शाळेसमोर शेकोटी, त्यात चुरा.' मॅडमनं सगळं म्हणजे सगळं सांगितलं होतं.

त्याच महिन्यात एकदा ओमप्रकाश शाळेत आला. थंडी फार वाढली आहे, लेकरं कुडकुडतात, म्हणून शाळेला दोनाऐवजी चार पोती आणि घरटी दोन. मशीनकडं त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. सगुणाबाईच्या पाया पडून म्हणाला, "मावशी, तब्येतीला जपा. एवढं चढउतार करायचं वय आहे का तुमचं?"

"तुमच्यासाठीच चढायले बाबा," ती म्हणाली आणि मनातल्या मनात चिमट्यानं त्याला उचलून चांदीच्या कागदात गुंडाळलं.

प्रियंका दर शनिवारी चकत्या घेऊन जायची. वही मात्र इथंच राहायची. शेवटच्या दिवशी मशीन उतरवलं तेव्हा तिनं ती पहिल्यांदा उघडली. छतावरच उभी राहून पानं उलटत गेली, आणि पानागणिक तिचा चेहरा पडत गेला.

"मावशी, हा चुरा... रोज?"

"रोज. आमीच काय, समदं गाव. ते फुकट देतेत ना."

"कोण देतं?"

"कारखाना."

प्रियंकानं वही मिटून पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही खरं लिहिलंत हे बरोबरच केलंत."

"खोटं कामून लिहू?" सगुणाबाई म्हणाली, पण मॅडमचा चेहरा का पडला, हे तिला कळेना.

कळलं दोन महिन्यांनी, ग्रामसभेत. मारुतीच्या पाराभोवती सगळं गाव. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी अहवाल वाचला. हवेतल्या कणांत लाकूड व पिकांचे अवशेष जाळल्याच्या खुणा भरपूर. रबर जाळल्याच्या खुणा चिंताजनक प्रमाणात. इथं सभेत कुजबुज उठली आणि सगुणाबाई ताठ बसली. साहेबांनी पान उलटलं.

"तथापि, शाळेच्या स्वयंपाकगृहात आणि गावातील घरोघरी रबराचा चुरा दररोज जाळला जात असल्याची लेखी नोंद उपलब्ध आहे. त्यामुळे सदर रबर कारखान्याचेच आहे असे म्हणता येत नाही. ग्रामस्थांनी रबर जाळू नये. शालेय स्वयंपाकगृहाने विशेष दक्षता घ्यावी."

लेखी नोंद. सगळ्या माना सगुणाबाईकडं वळल्या.

"अहो, चुरा त्यांचाच!" ती उठली. खोकला आला, तो संपेपर्यंत सभा थांबली. "ह्यांच्याच ट्रॅक्टरनं आनून टाकलाय दारात!"

"मावशी," ओमप्रकाश उभा राहिला, हात जोडून, डोळ्यांत पाणी यायचंच बाकी. "आम्ही दिला. गावाच्या सेवेसाठी दिला. पण जाळा म्हणून कधी सांगितलं का? लोक अंगणात टाकतात, चिखलात टाकतात. मी कुणाच्या चुलीत वाकून बघितलं का?" मग हळूच हसून, "पण मावशी, तुमचं अक्षर मात्र फार सुंदर आहे. साहेबांना चष्म्याशिवाय वाचता आलं."

चार लोक हसले. हसणाऱ्यांत दोघं तर दिवसरात्र खोकणारे होते.

मागं उभ्या असलेल्या प्रियंकाला कुणीतरी विचारलं, तुम्ही तर म्हणालात मशीनला कळतं. ती खाली बघत म्हणाली, "रबर आहे हे कळतं. चुलीतलं की भट्टीतलं, हे एका मशीनवरून सांगता येत नाही. कारखान्याच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक लागलं असतं. मी तीन मागितली होती. एक मंजूर झालं." मग जरा मोठ्यानं, "अहवालात मी दोन्ही शक्यता लिहिल्या होत्या. वाचताना एकच वाचली." साहेब तोवर चहाकडं वळले होते.

सगुणाबाई तिला जीपपाशी गाठून म्हणाली, "मॅडम, एक सांगा. गावात कुनीच चुरा जाळला न्हाई, एक मूठसुदीक न्हाई, आन् तरी कागदावर रबर निघालं, तर?"

प्रियंकानं तिच्याकडं बघितलं. "तर ते कारखान्याचंच. दुसरं कुणाचं असणार?"

"मंग पुन्यांदा मशीन आना. मी गाव बंद करते."

"मी अर्ज करते मावशी. पण गाव खरंच थांबलंय हे दाखवावं लागेल."

दुसऱ्या दिवसापासून सगुणाबाई दारोदार फिरायला लागली. धाप लागली की त्याच दारात बसायची, त्यामुळं लोकांना तिला टाळताही येईना. "एक महिना," ती म्हणायची, "फकस्त एक महिना चुरा जाळू नका."

"तुमचं बरं हाय," कस्तुराबाई म्हणाली, "शाळेत सरकारी गॅस हाय. आमी वली लाकडं फुकीत बसावं व्हय?"

"गॅस बारा दिस असतो माय."

"आमाला बाराबी न्हाई."

गावात ऐंशी घरं. अकरा घरांनी पोती आणून दिली. ती तिनं शाळेच्या शेडमध्ये रचली आणि स्वतः ओल्या पऱ्हाट्या फुंकत बसली. खिचडी दीड तास उशिरा व्हायला लागली. योगीराज सर घड्याळ बघत म्हणाले, "सगुणाबाई, आधी करपायची, आता शिजत नाही. त्या चुऱ्यानं पटकन पेटायची हो."

"चुरा जाळू नका असं तुमच्या साहेबांनी वाचलंय सर."

"वाचलंय," सर म्हणाले. "पण लेकरांना अकराला भूक लागते, हे कुठं वाचलंय?"

ती पुन्हा फुंकणीवर वाकली. बोलण्यात श्वास घालवला तर फुंकायला उरत नव्हता.

महिना भरत आला, त्या सोमवारी ट्रॅक्टर सकाळी लवकरच आला. सगुणाबाई गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, लोक काय करतात ते बघायला. हॉर्न वाजला. दारं उघडली. बायका तिच्याकडं न बघता पोती आत ओढून घेऊ लागल्या. अकरातली आठ घरंही त्यात होती. एकीनं जाताजाता म्हटलं, "जाळीत न्हाई वं मावशी, नुसतं ठिवते." ट्रॅक्टर शाळेपाशी थांबला, तिथं सरांनी सही करून चार पोती उतरवून घेतली.

ती घरी आली तेव्हा मागच्या दाराशी आप्पाराव बंबापुढं उकिडवा बसला होता. तिला सकाळच्या गारठ्यात खोकल्याची उबळ येते, गरम पाण्यानं आंघोळ केली की छाती जरा मोकळी होते, हे त्यालाच ठाऊक. म्हणून गेला महिनाभर तो तिच्या आधी उठून पाणी तापवत होता. चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं तिच्यासाठी केलेलं हे पहिलं काम, आणि त्याची बढाई मारायलाही तो विसरला होता.

बंबातून काळा, जाड धूर निघत होता. तिला वास आला नाही. पण डोळे शाबूत होते.

"काय टाकलंय त्यात?"

आप्पाराव गडबडला. "अगं, लाकडं पेटंचनात. तू खोकत खोकत येशील, पानी गार... एकच मूठ टाकली. एका मुठीनं काय व्हतंय?"

तिच्या ओठांवर मोठी शिवी आली होती. ती त्याच्याकडं बघत राहिली. धुरानं त्याचेही डोळे लाल झालेले, मिशीवर काजळी.

"किती दिस झाले?"

"रोज," तो म्हणाला. "तू शाळेत जाळीत नव्हती, तवापासून शाळेतलंच पोतं आनलंय."

ती आत गेली. पाणी कडकडीत तापलं होतं. तिनं ते सगळं अंगावर घेतलं, आणि खरंच, छाती जरा मोकळी झाली. मग ओल्या केसांनी ओट्यावर बसून तिनं मॅडमला दाखवण्यासाठी महिन्यापूर्वी सुरू केलेली नवी वही काढली. आतापर्यंत रोज एकच ओळ होती: 'चुरा नाही.' तिनं मागचं एकेक पान उलटत महिनाभराची ती ओळ खोडली, आणि प्रत्येक तारखेपुढं ठसठशीत अक्षरात, साहेबांना चष्म्याशिवाय वाचता येईल असं लिहिलं: 'घरी, पाणी तापवायला. चुरा एक मूठ.'